समुद्रात कयाक चालवायला निघताय? धरणावरच्या सवयी नाशिकलाच ठेवा

गंगापूर धरणावर चार रविवार कयाक (एका-दोघांची अरुंद, वल्ह्याची होडी) फिरवली की नाशिककराला वाटायला लागतं, आता अंदमान काय अवघड आहे! वल्हं तेच, लाइफ जॅकेट तेच, शिवाय सोबत गाइड. मग ग्रुपवर स्वराज द्वीपचे (म्हणजे जुन्या हॅवलॉकचे) फोटो पडतात आणि बुकिंग होतं. पण धरणाचं पाणी तुमच्यासाठी थांबलेलं असतं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं आणि दुपारी त्यावर वारा सुटतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या बहुतेक चुका हा फरक न कळल्यामुळेच होतात.

तिथी न बघता तारीख ठरवणं

सुट्टी कधी मिळते यावर तारीख ठरते. पंचांगाकडे कुणी बघतच नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची (मोठी) भरती असते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची (छोटी). अंदमानात उधाणाला पाण्याची पातळी दोनेक मीटरने वरखाली होते. सकाळी ज्या प्रवाळावरून आरामात तरंगत गेलात, तेच परतताना उघडं पडलेलं असतं. मग कयाकचा तळ खरवडला जातो, प्रवाळ मोडतं आणि पायही कापतात.

ओहोटी-भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या गतीने हलत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा साधारण बारावा भाग, दुसऱ्यात असे दोन भाग, मग तीन, तीन, दोन, एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोनच तासांत सरकतं आणि बेटांमधल्या अरुंद पट्ट्यात ओढ सगळ्यात जास्त तेव्हाच असते. नवख्याचा वेग ताशी चारेक किलोमीटर. समोरून ताशी दोन किलोमीटरचा प्रवाह आला, तर सहा किलोमीटरला दीड तासाऐवजी तीन तास लागतात. गाइड पहाटे पाचला उठवतो त्यामागे हे गणित असतं, आणि नाश्त्यावरून त्याच्याशी वाद घालणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच.

कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशोब कोकण किनाऱ्याचा आहे, अंदमानात तो जसाच्या तसा लावू नका. तिथल्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघा. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं. थायलंडच्या फांग न्गा उपसागरात तर चुनखडीच्या बेटांच्या पोटातल्या तळ्यांत जाणारी भुयारं ठरावीक पातळीलाच उघडी असतात. पाणी चढलं की कयाक आतच अडकते.

रात्री (सूक्ष्म जीवांमुळे) चमकणारं पाणी बघायचं असेल तर अमावास्येच्या आसपास जा. पौर्णिमेच्या चांदण्यात ती चमक दिसतच नाही. मात्र अमावास्येला उधाणही असतं, म्हणून त्या फेरीची वेळ गाइड सांगेल तीच.

ताकदीचा गैरसमज

नाशिकमध्ये सायकलवाल्यांची आणि पळणाऱ्यांची कमी नाही. पांडवलेणी चढून-उतरून दम न लागणारा माणूस कयाकमध्ये तासाभरात खांदे धरून बसतो, कारण तो फक्त हातांनी ओढत असतो. वल्हं पाण्यात पायाच्या बोटांजवळ टाकायचं, त्याच बाजूच्या पायाने पेगवर (आतल्या पाय टेकवायच्या खुंटीवर) रेटा द्यायचा आणि कमरेपासून धड वळवायचं. हात जवळपास सरळ राहतात. पातं कमरेशी आलं की बाहेर काढायचं. त्याहून मागे ओढलं तर नुसती कयाक वळते.

जिममधल्या रोइंग मशीनवर तयारी करणारेही बरेच. दत्तू भोकनळ हा चांदवडजवळच्या तळेगाव रोहीचा, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये खेळलेला, म्हणून रोइंग आपल्याकडे माहितीचं झालं. पण त्यात पाठ जायच्या दिशेला असते आणि जोर पाय लांब करून मागे ओढण्यात असतो. कयाकसाठी धड वळवण्याचे व्यायाम जास्त उपयोगी पडतात.

बसल्यावर होणाऱ्या तक्रारी

मनगट दुखतंय? मूठ सैल करा. बोटं दांड्यावर नुसती अडकलेली पुरतात. पायाला मुंग्या येत असतील तर पेग एखाद-दोन खाचा पुढे सरकवा आणि मांड्यांखाली टॉवेलची गुंडाळी घाला. पेग किनाऱ्यावरच लावून घ्यायचे असतात, पण घाईत कुणी लावत नाही.

कयाक सारखी एकाच बाजूला वळते, ही तक्रार सगळ्यात जास्त. दोष बहुधा तुमच्या हातांचा नसतो. आडवा वारा असला की नाक वाऱ्याकडे वळतं. पुढच्या कप्प्यात सामान जड असेल तर आणखीच. पाण्याच्या बाटल्या मागे हलवा, स्केग (मागच्या बाजूला तळाखाली उतरणारं पातं) किंवा रडर (सुकाणू) असेल तर खाली सोडा. धरणावरच्या वर बसायच्या प्लास्टिक कयाकला बहुधा हे काही नसतं, म्हणून आधी कळत नाही. एकाच बाजूने जोरजोरात वल्हवणं हा उपाय दमवणारा आहे.

उलटल्यावर आणि किनाऱ्याला लागताना

‘पोहता येतं का?’ या प्रश्नाला ‘अहो, रामकुंडात उड्या मारत मोठे झालो’ हे उत्तर ठरलेलं. खोल समुद्रात पोहणं कामाचं असतं, पण उलटलेली कयाक सोडून किनाऱ्याकडे पोहत सुटणं धोक्याचं. कयाक धरून राहा. ती तरंगते आणि लांबून दिसते. आत बसायची कयाक असेल तर उलटल्यावर पुढे वाकायचं, स्प्रे स्कर्टचा (कमरेभोवती बांधून बैठकीचं तोंड झाकणाऱ्या कापडाचा) पट्टा ओढायचा आणि कंबर ढकलून बाहेर यायचं. हे गाइडसमोर उथळ पाण्यात करून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो आग्रह धरत नसेल तर तुम्ही धरा.

लाइफ जॅकेट घातल्यावर सोबत्याला खांद्याच्या पट्ट्या वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते ढिलं आहे.

किनाऱ्याला लागताना एक चूक हाड मोडू शकते. लाटा फुटत असताना उतरून कयाक आणि वाळू यांच्या मध्ये उभं राहू नका. पाण्याने भरलेली कयाक लाटेबरोबर येते आणि थेट गुडघ्यांवर आदळते. नेहमी तिच्या समुद्राकडच्या बाजूला राहा.

गाइडपासून लपवणं

दमा, खांद्याचं जुनं दुखणं, रक्तदाबाची गोळी, आदल्या रात्रीचं जागरण (आणि ग्लास), सगळं आधी सांगा. गाइड ग्रुपचा वेग सगळ्यात हळू माणसावरून ठरवतो. तो माणूस आपण असू शकतो, यात लाज कसली? खारफुटीच्या खाडीत तो ‘इथून पुढे नाही’ म्हणाला तर घासाघीस नको. अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत.

सामान आणि परतीचा दिवस

सुती टी-शर्ट ओला झाला की काखेत घासतो. पूर्ण बाह्यांचा, लवकर सुकणारा शर्ट घ्या. माणशी तीन लिटर पाणी, ओआरएस आणि चष्म्याला दोरी हवीच. मळमळत असेल तर आलेपाक चालेल, गोळी घेणार असाल तर निघण्याआधी घ्या आणि झोप येते का ते घरी बघून ठेवा. ट्रेकर मित्राने परदेशातून आणलेलं सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) मात्र नेऊ नका. परवानगीशिवाय ते भारतात बेकायदा आहे आणि विमानतळावर अडकवतं. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून आणणंही वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

अंदमानात घड्याळ आपलंच, पण डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. ‘सहापर्यंत उजेड आहे’ हा नाशिकचा अंदाज तिथे चुकतो.

शेवटचं पॅडलिंग आणि विमान यांच्यात एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. हवा बिघडली की बेटांमधल्या बोटींच्या फेऱ्या रद्द होतात, आणि श्री विजयपुरमहून (म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरहून) चेन्नई किंवा कोलकात्याचं विमान चुकलं तर पुढचं मुंबईचं तिकीटही जातं. मुंबईहून नाशिकला रात्री कसारा घाटातून यायचं असेल, तर गाडीची वेळही त्याच हिशोबाने सैल धरा.