पावसाळ्यात वाडीच्या ग्रुपवर आलेला इशारा कसा पारखावा

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हाची आठवण अजून पुसलेली नाही. त्यामुळे आषाढात पावसाने जोर धरला की नदीकाठची माणसे फोन उशाशी घेऊन निजतात. समजा, अशाच एका रात्री ग्रुपवर संदेश येतो : ‘कोयना धरणाचे सहाही दरवाजे उघडले, दोन तासांत पाणी चिपळुणात, सर्वांना कळवा.’ हा संदेश पारखायला इंटरनेटही लागत नाही, भूगोल पुरतो. धरणाच्या दरवाजांतून सोडलेले पाणी कोयना नदीने पाटणवरून कऱ्हाडला जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे ते सह्याद्रीच्या पलीकडे, पूर्वेला वाहते. चिपळूणच्या बाजूला येते ते वीजनिर्मितीसाठी बोगद्यांतून घाटाखाली आणलेले पाणी; ते पोफळीहून कोळकेवाडीच्या जलाशयात आणि तिथून पुढे वाशिष्ठीत जाते. संदेशातले कोयना, पाणी आणि चिपळूण हे तिन्ही शब्द खरे आहेत, त्यांची सांगड तेवढी खोटी आहे, आणि पटणारी अफवा बहुधा अशीच बनते. म्हणून अशा वेळी विचारावे की पाणी दरवाजांतून सुटले की वीजगृहातून, किती क्युसेक, किती वाजल्यापासून, आणि हे कोणत्या कार्यालयाने कळवले. खऱ्या सूचनेत या प्रश्नांची उत्तरे सहसा आधीच लिहिलेली असतात.

तारीख नसलेला ‘आज रात्री’ हा शब्द दिसला की थांबावे, कारण तो संदेश मागच्या वर्षीच्या ‘आज’चाही असू शकतो. ‘ओळखीच्या अधिकाऱ्याने सांगितले’ हा काही पुरावा नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण दिसला तर तो मजकूर मूळ लिहिणाऱ्यापासून निदान पाच हात फिरून आपल्याकडे आलेला असतो. एप्रिल २०२०पासून असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, तो याचसाठी. अर्थात, बाण म्हणजे खोटेपणाचा शिक्का नव्हे. खरी सूचनाही पुष्कळ फिरते.

चित्रफितीच्या बाबतीत पाण्याकडे न पाहता कडेच्या गोष्टी पाहाव्यात. रिक्षेच्या पाटीवर रायगडसाठी एमएच ०६, सिंधुदुर्गासाठी ०७ आणि रत्नागिरीसाठी ०८ हे आकडे असतात. मच्छीमार नौकेवरील क्रमांकात आपल्याकडे ‘आयएनडी-एमएच’ असते, केरळात ‘आयएनडी-केएल’. दुकानांच्या पाट्यांची लिपी आणि मागे ओरडणाऱ्यांची भाषा तर लगेच कळते. एवढ्याने भागले नाही तर दृश्याचा स्क्रीनशॉट घेऊन गूगल लेन्सवर शोधावा. जुन्या वादळाची चित्रफीत नव्या वादळाच्या नावाने फिरत असेल, तर तिचे मूळ पुष्कळदा तिथे सापडते.

समुद्राच्या बातम्यांत गोंधळ होतो तो बावट्यावरून. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे चक्रीवादळ येऊन धडकणार असा अर्थ लावला जातो, परंतु तो सोसाट्याच्या वाऱ्याबाबत त्या बंदरापुरता दिलेला सावधगिरीचा संकेत आहे. होडी बाहेर काढू नये हे त्यातून निघते, गाव सोडावे हे निघत नाही. वादळाची खात्री भारतीय हवामान विभागाच्या पत्रकावरून करावी, आणि उंच लाटा किंवा त्सुनामी यांची हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या केंद्राच्या सूचनेवरून. स्थानिक परिस्थितीसाठी १०७७ या क्रमांकावर जिल्हा नियंत्रण कक्ष आहे. ११२ मात्र अडकलेल्या माणसासाठी मोकळा ठेवावा.

खात्री होईपर्यंत काय करायचे, हा प्रश्न उरतोच. घर नदीला लागून असेल तर धान्य, कागदपत्रे आणि औषधे माळ्यावर चढवावीत, गुरे सोडून ठेवावीत. बातमी खोटी निघाली तरी त्यात काही बिघडत नाही. परंतु सावध होणे वेगळे आणि संदेश पुढे ढकलणे वेगळे. खोटा इशारा देऊन घबराट पसरवणे हा आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५च्या कलम ५४ नुसार गुन्हा आहे.

संदेश पाठवणारे बहुतेकदा मुंबईला असलेले काका किंवा आत्या असतात, आणि घरापासून दूर असलेल्या चाकरमान्याला गावातल्या माणसापेक्षा जास्त धास्ती वाटते, हे लक्षात ठेवावे. चारचौघांत त्यांना खोटे पाडू नये. आधी फोन करून ‘काका, आम्ही सगळे ठीक आहोत, पाणी अजून पायरीखाली आहे, तो संदेश तेवढा तुम्हीच मागे घ्या’ असे सांगावे. तरीही ग्रुपसाठी खुलासा लिहावाच लागतो, कारण तोवर दहा जणांनी तो वाचलेला असतो. खुलाशात आधी खरी माहिती, वेळ आणि ती देणारे कार्यालय लिहावे, अधिकृत सूचनेचा दुवा जोडावा आणि मूळ चित्रफीत पुन्हा चिकटवू नये; लोक खुलासा मागे ठेवतात आणि चित्रफीतच पुढे पाठवतात.