टॉरचा पहिला रिले कसा सुरू करावा

पत्रकार, कार्यकर्ते, घरातल्या छळातून वाट शोधणाऱ्या बायका अशा कितीतरी जणांना आपला माग न ठेवता इंटरनेट वापरावं लागतं. त्यांना आधार देणारं टॉर हे ओळख लपवणारं नेटवर्क स्वयंसेवकांच्या सर्व्हरवर, म्हणजे रिलेवर चालतं. जोडणी सहसा तीन रिलेंतून जाते. पहिल्याला माणूस कुठून आला ते कळतं, शेवटच्याला तो कुठे चाललाय ते, आणि मधल्याला यातलं काहीच नाही.

नवख्यांनी मधलाच रिले घ्यावा. शेवटचा, म्हणजे एक्झिट रिले चालवला तर दुसऱ्यांनी केलेल्या उचापतींच्या तक्रारी तुमच्या नावावर येतात. घरच्या लाइनवर तो लावूच नका.

आधी जागा बघा. स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता, दोन्ही दिशांना किमान १० एमबीपीएस वेग, महिन्याला जाऊन-येऊन प्रत्येकी किमान १०० जीबी डेटा आणि ५१२ एमबी रॅम लागते. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतंत्र आयपी मिळत नाही. शिवाय रिलेंचे पत्ते जाहीर असतात आणि काही साइट ते सरसकट अडवतात. घरच्या लाइनवरून बँकेची साइट उघडेनाशी होऊ शकते. म्हणून भाड्याचा व्हीपीएस, म्हणजे होस्टिंग कंपनीकडचा आभासी सर्व्हर बरा. मात्र कंपनीच्या अटी वाचा, आणि हेट्झनर किंवा ओव्हीएच टाळा: तिथे आधीच रिलेंची गर्दी आहे, आणि एकाच कंपनीकडे फार रहदारी एकवटणं टॉरच्या मुळावर येणारं आहे. खर्च परवडत नसेल तर ब्राउझरमध्ये स्नोफ्लेक एक्स्टेन्शन टाका; जिथे टॉर अडवलेलं असतं तिथल्या लोकांना ते टॉरपर्यंत पोहोचवतं. त्याला स्वतंत्र आयपी लागत नाही.

सर्व्हरवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) असेल तर टॉर प्रोजेक्टची स्वतःची रिपॉझिटरी, म्हणजे सॉफ्टवेअरचं भांडार, जोडून टॉर इन्स्टॉल करा, म्हणजे अपडेट वेळेवर मिळतात. मग टॉरची सेटिंग असलेली 'टॉरआरसी' (torrc) फाइल उघडा. 'निकनेम'मध्ये जास्तीत जास्त १९ अक्षरं-अंक, मध्ये जागा न सोडता. 'कॉन्टॅक्टइन्फो'मध्ये चालू ईमेल. तो सगळ्यांना दिसतो, म्हणून वेगळा काढा. 'ओआरपोर्ट', म्हणजे रिलेशी बाहेरून जोडलं जायचा पोर्ट, ४४३ किंवा ९००१, आणि 'एक्झिटरिले' ०, म्हणजे बंद.

'अकाउंटिंगमॅक्स'कडे नीट लक्ष द्या. ठरावीक काळात किती डेटा वापरायचा त्याची ही मर्यादा येणाऱ्या आणि जाणाऱ्या डेटाला वेगवेगळी लागते. १ टीबी लिहिलं तर एकूण २ टीबीपर्यंत वापर होऊ शकतो. कंपनी दोन्ही मोजत असेल तर निम्माच आकडा टाका.

फायरवॉलमध्ये तो पोर्ट उघडा आणि टॉर रीस्टार्ट करा. लॉगमध्ये 'सेल्फ-टेस्टिंग'ने सुरू होणारी, पोर्ट बाहेरून पोहोचतोय असं सांगणारी ओळ आली की काम झालं. काही तासांनी टॉर मेट्रिक्स या टॉरच्या आकडेवारीच्या साइटवर, रिले सर्चमध्ये नाव दिसेल.

सुरुवातीचे दिवस रिले जवळजवळ रिकामा असतो. घाबरून सेटिंग बदलत बसू नका. पहिले तीन दिवस त्याच्या वेगाचं मोजमाप झालेलं नसतं. साधारण आठव्या दिवसानंतर मधला म्हणून लावलेला हाच रिले पहिल्या जागेसाठीही, म्हणजे गार्ड म्हणून, निवडला जाऊ लागतो. तेव्हा रहदारी उलट घटते. पूर्ण भरात यायला ६८ दिवसांच्या आसपास लागतात. या काळात कमावलेली पत रिलेच्या किल्ल्यांना, म्हणजे त्याची ओळख ठरवणाऱ्या गुप्त फाइलींना, चिकटलेली असते, म्हणून टॉरच्या डेटा फोल्डरातलं 'कीज' फोल्डर दुसरीकडे सुरक्षित कॉपी करून ठेवा. सर्व्हर बदलला तरी तोच रिले त्याच ओळखीने पुन्हा उभा करता येतो.