मुलाला शेतात स्वतःचा वाफा द्यायचा तर तो खरंच त्याचा कसा होऊ द्यावा

घरचं शेत असलं की मुलं आपोआप शिकतात, असं अनेकांना वाटतं. माझा अनुभव तसा नाही. बांधावर उभं राहून बघणारं मूल बघायला शिकतं, आणि दिवसभर "हे आण, ते धर" ऐकणारं मूल हुकूम पाळायला शिकतं. एखादं काम पेरणीपासून काढणीपर्यंत त्याच्या एकट्याच्या हातात असेल, तरच ते मूल वाढताना दिसतं. ते काम कसं सोपवायचं, एवढंच इथे सांगते.

जागा लहान ठेवा. सहा-सात वर्षांच्या मुलाला एक मीटर लांब-रुंद वाफा पुरतो आणि त्याच्या मध्यापर्यंत चारही बाजूंनी हात पोचतो. "मुलांना कोपऱ्यातली पडीक जमीन द्या" हा सल्ला मला मुळीच पटत नाही. जिथे तुमचं पीक चांगलं येतं, तिथलाच तुकडा द्या. वाईट मातीत मुलाची काही चूक नसताना पीक जातं आणि त्यातून त्याला काहीच कळत नाही.

पिकं दोनच घ्या, एक मुळा आणि एक घेवडा. मुळा चार-सहा दिवसांत उगवतो आणि लवकर येणारा वाण महिनाभरात उपटता येतो, त्यामुळे धीर टिकतो. बुटक्या घेवड्याच्या शेंगांना पन्नास-साठ दिवस लागतात. वाट बघणं त्याच्याकडून शिकायचं.

वाफसा, म्हणजे माती पेरणीजोगी ओलसर झाली आहे का, हे मुलाने स्वतः ओळखायचं. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर पेरा, चिखलासारखा चिकटून राहिला तर थांबा. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल टोकायचं. खुरपं त्याच्या हाताला बसेल असं, पण खरं द्या. प्लॅस्टिकचं खेळणं दिलं की काम खोटं आहे हे मुलाला लगेच कळतं.

इथवर सगळं सोपं असतं. अवघड भाग पेरणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतो. नवलाई ओसरते, मूल वाफ्याकडे फिरकत नाही आणि रोपं माना टाकू लागतात. इथे माझ्याकडून मोठी चूक झाली होती.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिचा घेवडा सुकताना मला बघवेना. ती झोपली की मी गुपचूप पाणी घालायचे. आठ दिवस हे चाललं. एका सकाळी ती लवकर उठून वाफ्याकडे गेली आणि ओली माती, माझ्या चपलांचे ठसे बघून परत आली. म्हणाली, "आई, मग तो वाफा तुझाच आहे ना." ती रागावली नव्हती, रडलीही नाही. त्यानंतर त्या वाफ्याकडे मात्र तिने पाहिलं नाही. शेंगा भरपूर आल्या, त्या मीच तोडल्या.

पुढच्या वेळी मी घरातल्या सगळ्यांना, विशेषतः आजी-आजोबांना, आधीच बसवून सांगितलं की या वाफ्याला कोणीही हात लावायचा नाही. हे बोलणं टाळू नका. तुम्ही मन घट्ट केलंत तरी आजोबांची झारी वळतेच, आणि त्यात प्रेमच असतं, म्हणून थांबवणं जास्त जड जातं.

आठवण किती करायची हेही पेरणीच्या दिवशीच ठरवा. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात रोज एकदा, पुढे अजिबात नाही. "पाणी घातलंस का?" हा प्रश्न बंद करा, कारण त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं. "आज वाफ्यात काय दिसलं?" असं विचारा. उत्तर द्यायला त्याला तिथे जावं लागतं.

आणि रोपं मेली तर मरू द्या. माझ्या मुलीची दुसऱ्या वेळी निम्मी गेली. त्या दिवशी दोन वाक्यं तोंडातून जाऊ देऊ नका: "मी सांगितलं होतं" आणि "असू दे, आपण दुसरी आणू." पहिल्याने मूल लाजतं, दुसऱ्याने त्याचं नुकसान पुसलं जातं. मी तिच्याबरोबर बसून मेलेलं एक रोप मुळासकट उपटलं. मुळं वरच्या दोन बोटं मातीतच पसरलेली होती. ती रोज घाईत वरवर शिंपडायची, पाणी खाली जातच नव्हतं. हे तिने मुळं बघून स्वतः ओळखलं. बी मी हाताशी ठेवलं होतं आणि त्याच आठवड्यात तिने पुन्हा टोकलं. फेरपेरणीला उशीर करू नका, हुरूप लवकर विझतो. त्यानंतर ती पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसून बघू लागली, आणि ते आजही करते.

हा नियम फक्त रोपांचा आहे. जनावरांना तो कधीही लावू नका. मुलाला धडा मिळावा म्हणून करडू तहानलेलं ठेवणं हा क्रूरपणा आहे. म्हणून एक हंगाम वाफा नीट सांभाळल्यावरच पिल्लं सोपवा, आणि पाणी-चारा रोज एका मोठ्या माणसाने उघडपणे तपासायचा, लपून नाही. कोंबडीची पिल्लं यासाठी उत्तम. अंडी उबवायला बसवल्यापासून एकवीस दिवस मुलाने मोजायचे. कृत्रिम ऊब देत असाल तर पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअस लागतं, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. मुलाला मात्र पिल्लांकडे बघून ओळखायला शिकवा. दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, चोच उघडून दूर बसली असतील तर उकडतं आहे.

पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं. त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू पसरू शकतो, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात पिल्लू देऊ नका.

ट्रॅक्टर, औषधफवारणी आणि उघडी विहीर यांत मुलाला अनुभव द्यायचाच नाही. मडगार्डवर बसवून फेरी मारणारे बघितले की माझा जीव वर-खाली होतो. फवारलेल्या रानात लेबलवर दिलेला काळ संपेपर्यंत मूल जाता कामा नये.

शेवटी घेवड्याच्या चार-पाच शेंगा झाडावरच वाळू द्या. हलवल्यावर आत बी खुळखुळलं की काढा, सोला, सावलीत आणखी आठवडाभर वाळवून कोरड्या बाटलीत भरा. बाटलीवरची तारीख आणि नाव मुलानेच लिहायचं.