लाइन गेली तरी रेकॉर्डिंग वाचवा: रीपरमधलं ऑटोसेव्ह

खंजेरी भजन रंगात येतं आणि नेमकी तेव्हाच लाइन जाते. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑटोसेव्ह चालू ठेवा, बिनधास्त राहा’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. सल्ला अर्धवट आहे.

माइक लावण्याआधीच प्रोजेक्टला नाव द्या आणि वेगळ्या फोल्डरमध्ये सेव्ह करा.

मग ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, प्रोजेक्ट. ऑटोसेव्ह दर 5 मिनिटांनी. सेव्ह ‘टाइमस्टॅम्प्ड फाइल’मध्ये, म्हणजे नावात तारीख-वेळ असलेल्या वेगळ्या फाइलमध्ये, मूळ प्रोजेक्टवर नको. पेटीचा ट्रॅक चुकून उडाला, तर मूळ फाइलवरचं ऑटोसेव्ह ती चूकही इमानदारीनं जपून ठेवतं.

आता खरी गोम. ऑटोसेव्ह आवाज वाचवत नाही. ते फक्त आरपीपी, म्हणजे प्रोजेक्टची फाइल लिहितं: कोणता तुकडा कुठे, किती मोठा, कोणता इफेक्ट. गाणं वेव्ह फाइलमध्ये असतं. शिवाय ‘व्हेन नॉट रेकॉर्डिंग’ निवडलेलं असेल तर रेकॉर्डिंग चालू असताना ऑटोसेव्ह होतच नाही. ‘एनी टाइम’ केलं की जुन्या कॉम्प्युटरवर मधेच खटका येऊ शकतो, म्हणून ते नकोच. त्यापेक्षा दर भजनानंतर स्टॉप, कंट्रोल-एस, मग पुढचं. मंडळी कुरकुरतील, कुरकुरू द्या. सलग तासभर रेकॉर्ड लावून चहाला जाणं हा शुद्ध आगाऊपणा आहे.

तरीही मधेच लाइन गेली, तर वेव्ह फाइल दिसते पण वाजत नाही, असं होऊ शकतं. डिलीट करू नका! फाइलची लांबी तिच्या सुरुवातीच्या भागात नोंदलेली असते आणि ती नोंद अपुरी राहिलेली असते. आवाज बहुतेक वेळा आत असतो. फाइलची कॉपी करा आणि ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल, इम्पोर्ट, रॉ डेटा मधून उघडा. तिथे रेकॉर्डिंगला होती तीच सेटिंग निवडा, उदाहरणार्थ 24 बिट साइन्ड पीसीएम, लिटल एंडियन, मोनो, आणि रेकॉर्डिंगचाच सॅम्पल रेट, 44100 किंवा 48000. नुसती खरखर आली तर बिट चुकले, किंवा स्टार्ट ऑफसेट (फाइल कितव्या बाइटपासून वाचायची) चुकला; तो 0, 1, 2 असा बदलून पाहा. दुप्पट वेगात वाजलं तर मोनोऐवजी स्टीरिओ निवडलंय. सुरुवातीचा ‘टक्’ कापून टाका.

ऑटोसेव्हची जुनी बॅकअप उघडायची तर त्या आरपीपी-बॅक फाइलची कॉपी प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये ठेवून शेवट ‘.आरपीपी’ करा, दुसरीकडून उघडली तर वेव्ह फाइल न सापडून ट्रॅक ऑफलाइन दिसू शकतात.

यूपीएसवर सीपीयू, मॉनिटर आणि ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) एवढंच. अ‍ॅम्प्लिफायर त्यावर लावाल तर स्टॉप दाबायलाही वेळ मिळणार नाही.