मल्टिलेयर व्हाईटचा जॉब लावायच्या आधी काय काय बघून घ्यायचं

मल्टिलेयर व्हाईट म्हणजे ॲक्रेलिक, काच किंवा फिल्मवर मशीनने छापताना कलरच्या खाली, वर किंवा मध्ये पांढऱ्या इंकचा थर टाकणं. असा जॉब आला की लगेच फाईल उघडून बसू नका, आधी पार्टीला दोनच गोष्टी विचारा. माणूस हे कुठल्या बाजूने बघणार आणि लाईट कुठून येणार. एवढं कळलं की लेयरचा क्रम तिथेच ठरतो, आणि हे विचारायचं राहिलं तर पुढचं सगळं बरोबर करूनही शीट भंगारातच जाते.

काळ्या किंवा रंगीत शीटवर समोरून बघायचं असेल तर खाली व्हाईट, वर कलर, विषय संपला. क्लिअर ॲक्रेलिकच्या मागे छापून पुढून बघायचं असेल तर आधी कलर मग व्हाईट आणि फाईल मिरर, म्हणजे आरशात दिसते तशी उलटी. नाशिकला कॉलेज रोड, गंगापूर रोडला हॉटेलवाल्यांचे लाईटचे बोर्ड असतात, ते दिवसाही भरलेले दिसायला हवेत आणि रात्री आतली एलईडी लागल्यावर पण, तिथे कलर-व्हाईट-कलर असे तीन लेयर लागतात. दिवसा समोरून पडलेला उजेड मधल्या व्हाईटवरून परत येतो म्हणून वरचाच कलर दिसतो, रात्री उजेड मागून येतो आणि दोन्ही कलरमधून जातो, म्हणून रंग गडद राहतो, कलरचा एकच लेयर असेल तर रात्री लाल रंग सरळ गुलाबी दिसायला लागतो. दुकानाच्या काचेवर बाहेरून एक आणि आतून दुसरं डिझाईन हवं असेल तर कलर-व्हाईट-काळा-व्हाईट-कलर असे पाच, यातला काळा वाचवायला जाऊ नका, तो नसला की उन्हात एका बाजूचं दुसऱ्या बाजूला दिसतंच. आणि यात क्लिअर फिल्म काचेच्या आतून लागणार असेल तर जो कलर आधी पडतो तो काचेतून दिसणार म्हणून तो मिरर, शेवटचा सरळ. हे जॉब कार्डवर पेनाने लिहाच, रात्रपाळीचा ऑपरेटर फोन करून विचारत बसणार नाही.

आता इंक. व्हाईटमध्ये टायटॅनियम डायऑक्साईड असतो, तो बाकी रंगांच्या पिगमेंटपेक्षा खूप जड, त्यामुळे मशीन उभं राहिलं की तो खाली बसतो, बाटलीत पण, पाईपात पण, हेडाजवळच्या छोट्या इंक-डबीत म्हणजे डॅम्परमध्ये पण. म्हणून व्हाईटचं सर्क्युलेशन, म्हणजे इंक सतत फिरती ठेवणं, चोवीस तास चालू हवं. अंबड-सातपूरला कितीतरी ठिकाणी सुट्टीच्या आदल्या रात्री मेन स्विचच खाली करून जातात, व्हाईट असलेल्या मशीनला हे चालत नाही, सर्क्युलेशन आणि टाकीतली इंक ढवळणाऱ्या स्टररला यूपीएस द्या आणि त्याची लाईन वेगळी काढा. बाटली भरताना आडवी धरून हळूहळू फिरवा, जोरात हलवली की बुडबुडे होतात आणि तेच बुडबुडे हेडात, म्हणजे इंक फवारणाऱ्या भागात, जाऊन नोझल (इंकची बारीक भोकं) बंद पडतात. एक्सपायरी बघा, व्हाईटची बहुतेक वेळा कलरपेक्षा लवकर संपते. आपल्याकडे थंडीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी इंक घट्ट झालेली असते, तेव्हा आल्या आल्या प्रिंट मारू नका, खोली आणि हेड गरम होऊ द्या.

व्हाईटचा नोझल चेक, म्हणजे सगळ्या नोझल चालतात का ते बघायची रेघांची प्रिंट, पांढऱ्या कागदावर काढून काही दिसत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी लोक कागद तिरका धरून चमक बघून ओके म्हणतात. तसं करू नका. काळ्या व्हिनाईलचा एक पट्टा मशीनजवळ कायम ठेवा, त्यावर चेक मारा आणि मोबाईलचा टॉर्च आडवा धरून एक एक रेघ बघा. कलरमध्ये एखादी नोझल गेली तर जास्त पासमध्ये (हेडच्या फेऱ्यांत) झाकली जाते, पण व्हाईटमध्ये गेलेली नोझल बॅकलिटला, म्हणजे मागून लाईट असलेल्या बोर्डाला, उजेडाची बारीक रेघ होऊन बोर्डभर दिसते.

फाईलमध्ये व्हाईट ही वेगळी स्पॉट कलर (स्वतःच्या नावाचा स्वतंत्र रंग) म्हणून घ्यायची आणि तिचं नाव रिपला, म्हणजे फाईल मशीनसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला, जे हवं तेच, अक्षर न् अक्षर तसंच, कॅपिटल-स्मॉलसकट. रोलंड कंपनीच्या व्हर्सावर्क्स रिपला ते आरडीजी अंडरस्कोअर व्हाईट असतं, बाकी रिपमध्ये जे सेट असेल ते. व्हाईटच्या ऑब्जेक्टला ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता वर छापायची सेटिंग) लावा, नाहीतर खालचा कलर नॉकआऊट होऊन, म्हणजे कापला जाऊन, तिथे नुसता पांढरा पॅच येतो. पीडीएफ काढताना स्पॉट कलर सीएमवायकेत (छपाईच्या नेहमीच्या चार रंगांत) कन्व्हर्ट होत नाही ना ते बघा, कोरेलड्रॉमधून येणाऱ्या फाईलींचा निम्मा घोळ इथेच असतो.

मग चोक. व्हाईट कलरच्या कडेबाहेर डोकावू नये म्हणून ती एक-दोन पिक्सेल आत घेतात, मोठ्या चित्राला हे बरोबर आहे. पण मराठी बारीक अक्षरांना सरसकट चोक लावू नका. अनुस्वाराचा टिंब, रफार, र्‍हस्व-दीर्घ वेलांटीचं टोक, शिरोरेषेला जिथे मात्रा चिकटते ती जागा, ह्या सगळ्याखालची व्हाईट चोक खाऊन टाकतो आणि काळ्या शीटवर 'मंदिर'चं 'मदिर' होतं. पंचवटीत देवस्थानाच्या बोर्डावर हे गेलं तर काय होईल ते सांगायला नको, आणि आता २०२७ चा सिंहस्थ येतोय म्हणजे असे बोर्ड भरपूर निघणार. अक्षरांची व्हाईट वेगळी करा आणि तिला चोक शून्य ठेवा.

मटेरियल. ॲक्रेलिकचा प्लास्टिक कागद काढला की शीटवर स्टॅटिक येतो, कोरड्या हवेत जास्तच, त्याने धूळ चिकटते आणि इंकचे थेंब पण इकडे तिकडे उडतात, तर आयोनायझर (स्टॅटिक घालवणारं यंत्र) असेल तर चालू करा, नसेल तर अँटिस्टॅटिक कपड्याने एकाच दिशेने पुसून घ्या. थिनर किंवा ॲसिटोन ॲक्रेलिकला लावायचंच नाही, तडे जातात. काचेला प्रायमर लागतोच. चिकटतंय का ते छापून २४ तासांनी बघा, ब्लेडने चौकटी पाडून टेप लावून झटक्यात ओढा. आणि यूव्ही मशीनवर, म्हणजे जिथे लॅम्पच्या यूव्ही प्रकाशाने इंक सुकते तिथे, आरसा, चकचकीत स्टील किंवा क्लिअर शीट असेल तर लॅम्पचा प्रकाश उलटा हेडवर जातो आणि नोझलवरच इंक सुकते, त्यामुळे लॅम्पची पॉवर आणि हेडची उंची आधी सेट करा. दुपारी शटरमधून ऊन थेट हेड सरकवणाऱ्या कॅरेजवर येत असेल तर तिथे पडदा लावा, उन्हातल्या यूव्हीनेही तेच होतं.

कॅलिब्रेशन लेयर मोडमध्येच करायचं. एकाच फेरीत तीन लेयर टाकताना मशीन हेडचे तीन भाग करतं, प्रत्येक लेयरला हेडचा तेवढाच तुकडा मिळतो, म्हणून फीडचं पाऊल (प्रत्येक फेरीनंतर मशीन जेवढं पुढे सरकतं ते) लहान होतं आणि साध्या मोडचं फीड कॅलिब्रेशन तिथे चालत नाही, बँडिंग, म्हणजे प्रिंटवर पट्टे, येतं. स्पीड पण साधारण एक तृतीयांशावर येतो, तेव्हा डिलिव्हरीची तारीख आणि चौरस फुटाचा रेट हे धरूनच सांगा.

शेवटी त्याच शीटच्या तुकड्यावर, त्याच डिझाईनचा एक भाग, मधली व्हाईट ४०, ६०, ८० आणि १०० टक्के अशी चार पट्ट्यांत मारा. पट्ट्या आधी दारात उजेडात बघा, मग लाईट बंद करून, पार्टीच्या बोर्डात जी एलईडी लागणार तीच मागे धरून. व्हाईट कमी असेल तर दिवसा रंग मळका दिसेल, जास्त असेल तर रात्री बोर्ड अंधारा. जी पट्टी दोन्हीकडे चालते तिच्यावर पार्टीची सही घ्या, मागे टक्के, पास आणि लॅम्पची पॉवर मार्करने लिहा आणि मगच पूर्ण शीट बेडवर चढवा.