दशावताराच्या रात्रीआधी: टाइमकोडची तयारी

दशावताराला, म्हणजे कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याला, रीटेक नसतो. संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात, आणि संकासुर हे विनोदी पात्र पुढच्या क्षणी कोणाची फिरकी घेईल हे पेटीवाल्यालाही ठाऊक नसतं. तेव्हा तीन कॅमेरे आणि वेगळा ऑडिओ रेकॉर्डर घेऊन सिंधुदुर्गातल्या जत्रेला निघणार असाल, तर चारही यंत्रांची वेळ जुळवायची तयारी घरीच, टेबलावर, उजेडात उरकून घ्या. ही वेळ म्हणजेच टाइमकोड: प्रत्येक फ्रेमवर बसणारा तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेमचा शिक्का. देवळात पोचल्यावर वीज कुठून ओढायची आणि स्टँड कुठे लावायचा यातच संध्याकाळ जाते.

पहिल्यांदा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ते ठरवा आणि कागदावर लिहा. आपल्याकडे २५. वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे १/५० शटरवर ट्यूबलाइट फडफडत नाही, आणि एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद हा हिशोब तोंडी जमतो. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, म्हणजे एका फ्रेमला आवाजाचे बरोबर १,९२० नमुने (सॅम्पल) येतात. उसना कॅमेरा असेल तर मालकाच्या शब्दावर विसंबू नका, मेनू स्वतः उघडा. मी एकदा मित्राचा कॅमेरा आहे तसा उभा केला. तो एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेकडच्या व्हिडिओ पद्धतीवर होता, रात्रभर २९.९७ ने चालला. एडिटला प्रत्येक हालचालीत हिसका दिसायला लागला आणि शेवटी त्यातले फक्त स्थिर चेहरे वापरता आले. स्लो मोशनचा मोहही त्या रात्री सोडा. तिथे चित्राची वेळ आणि खरी वेळ यांची फारकत होते.

‘सॉफ्टवेअर आवाज ऐकून आपोआप जुळवतं की, मग टाइमकोड कशाला?’ असं हमखास कोणीतरी विचारतं. जुळवतं, पण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. सभामंडपाच्या टोकाला, वीस मीटरवर उभ्या केलेल्या कॅमेऱ्याला पखवाजाची थाप जवळजवळ ६० मिलिसेकंद उशिरा ऐकू येते, म्हणजे दीड फ्रेम. रंगमंचाजवळच्या माइकशी तो आवाज जुळवला की चित्र तेवढंच सरकतं, आणि झांज दिसते एकदा, वाजते दुसऱ्यांदा. टाइमकोड आवाज ऐकत नाही, नुसती वेळ बघतो.

आता डबे. यंत्राला टाइमकोड पुरवत राहणारा छोटा डबा प्रत्येकी एक, म्हणजे चार. सुरुवातीला एकदा जॅम करून, म्हणजे सगळ्यांची वेळ एकसारखी लावून, डबा काढून घ्यायची काटकसर करू नका. साध्या कॅमेऱ्यातल्या क्रिस्टलची, म्हणजे वेळ मोजणाऱ्या स्फटिकाची चूक दहा लाखांत वीस भाग धरली तरी तासाला ७२ मिलिसेकंद होतात, म्हणजे पावणेदोन फ्रेम. आठ तासांच्या नाटकात चौदा. डब्यातला क्रिस्टल तापमान सांभाळणारा असतो, तो रात्रभरात फ्रेमभरही सरकत नाही. शिवाय कॅमेऱ्याची बॅटरी बदलली तरी डब्याला त्याचं सुखदुःख नसतं.

केबल हा सगळ्यात कटकटीचा भाग. टाइमकोडचं खास सॉकेट असलेल्या कॅमेऱ्यांचं सोपं आहे. मिररलेसला बहुधा फक्त माइकचं सॉकेट असतं, तिथे टाइमकोड आवाज म्हणूनच भरावा लागतो: डाव्या चॅनेलवर टाइमकोड, उजव्यावर गाईडसाठी, म्हणजे एडिटला नुसता अंदाज यावा म्हणून, माइक. कॅमेऱ्याचं ऑटो गेन (आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय) बंद. डब्याचं आउटपुट लाइनऐवजी माइक लेव्हलला. मीटर उणे १२ ते उणे १८ डेसिबलच्या दरम्यान. जोरात भरला तर टाइमकोडची किरकिर शेजारच्या चॅनेलवर झिरपते आणि गाईड ट्रॅकवर रातकिडे बसल्यासारखं ऐकू येतं. प्रत्येक केबलवर चिकटपट्टी लावून ए, बी, सी लिहा. एक केबल जास्तीची घ्या, तुटते ती नेमकी जिला पर्याय नसतो तीच.

वेळ कुठली लावायची? घड्याळाची लावू नका. टाइमकोड चोवीस तासांत फिरतो, मध्यरात्री २३:५९:५९:२४ नंतर पुन्हा शून्य. दशावतार तर मध्यरात्रीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. मग आडदशावताराच्या, म्हणजे सुरुवातीच्या भागाच्या फायली सॉफ्टवेअरमध्ये तळाला जातात आणि नंतरचं आख्यान, म्हणजे मुख्य कथा, आधी येऊन बसतं. म्हणून रात्री नऊच्या सुमारास जॅम करताना १०:००:००:०० लावा. पहाटे पाचला १८ वाजलेले असतील, शून्य मध्ये कुठेच येत नाही. कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्हींचा टाइमकोड सतत चालणाऱ्या मोडवर हवा. रेकॉर्ड दाबल्यावरच पुढे सरकणारा इथे कुचकामी.

निघण्याच्या आदल्या दिवशी पूर्ण रंगीत तालीम करा. चारही जोडा, जॅम करा, अर्धा तास रेकॉर्डिंग चालू ठेवा, शेवटी कॅमेऱ्यांसमोर टाळी वाजवा. फायली ज्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट होणार त्यातच उघडा, ‘जुळलं असावं’ यावर भागवू नका. डाविंची रिझॉल्व्हमध्ये ऑडिओ ट्रॅकवरून टाइमकोड वाचायचा पर्याय आहे, तो करून बघा. प्रोजेक्टचा फ्रेम रेट मात्र फायली आत घेण्याआधीच २५ करा, नंतर तो बदलू देत नाही. टाळीचा फ्रेम चारही ठिकाणी एक आला तरच पिशवी भरा.

देवळात काम थोडंच उरतं. पेट्या उघडल्या की डबे चालू, जॅम, चारही पडदे एकाच फोटोत येतील असा मोबाईलवर एक फोटो. चार्जिंगसाठी जनरेटरवर भिस्त नको, रेकॉर्डरला मोठी बॅटरी द्या. मध्ये एखादा कॅमेरा बंद पडला तर पुन्हा चालू करून डबा जागेवर आहे ना एवढं बघा, जॅम पुन्हा करायची गरज नाही. घाबरून भलत्याच डब्यावर जॅम मारणारे सहकारी असतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

पहाटे दहीहंडी फुटली की सगळ्यांना झोप आलेली असते आणि हात आपोआप केबलकडे जातात. थांबा. एकही डबा काढायच्या आत पुन्हा टाळी, पुन्हा चारही पडद्यांचा फोटो. मग कार्डं दोन डिस्कवर, आणि टाइमलाइनवर टाइमकोडचा ट्रॅक म्यूट.