रस्त्यावर देणगी मागण्याचं काम नव्यानं शिकताय? या चुका टाळा

महिन्याला ५०० रुपये देणारा माणूस तीन वर्षं टिकला तर संस्थेला १८,००० रुपये मिळतात. त्याच माणसानं पुढच्याच महिन्यात मँडेट (खात्यातून दर महिन्याला हप्ता कापायला बँकेला दिलेली परवानगी) बंद केलं तर मिळतात ५००, आणि तेवढे तर त्याला जोडून घेण्यातच खर्च झालेले असतात. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात सगळी चर्चा दिवसाच्या साइन-अपची चालते, हा हिशेब मागे पडतो. नव्या मुलामुलींच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. सही झाली की आपलं काम झालं, असं त्यांच्या मनात बसतं. मुंबई-पुण्यात एफ-टू-एफ (फेस-टू-फेस, म्हणजे समोरासमोर देणगी मागणाऱ्या) टीमबरोबर उभं राहणाऱ्या प्रत्येकानं हे आधी डोक्यातून काढायला हवं.

‘पैसे नकोत, फक्त दोन मिनिटं’

सगळ्यात मोठी चूक ही, आणि दुर्दैवानं कधी कधी सीनियरच ती शिकवतात. ‘आम्ही पैसे मागत नाही’, ‘छोटासा सर्व्हे आहे’ असं म्हणून माणसाला थांबवायचं आणि चार मिनिटांनी टॅब पुढे करायचा. समोरचा त्या क्षणी संकोचानं हो म्हणेलही. घरी जाऊन बायकोला सांगताना मात्र आपल्याला गुंडाळलं, हेच त्याच्या लक्षात राहतं. पहिला हप्ता कापला गेल्याचा मेसेज आला की तो आधी मँडेट बंद करतो, आणि पुढे कुठल्याही संस्थेच्या माणसासमोर थांबत नाही.

पैशांचा विषय पहिल्या दोन-तीन वाक्यांतच यायला हवा. ‘नमस्कार ताई, खेड्यातल्या मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेकडून आलेय. दर महिन्याला थोडी रक्कम देणारे लोक आम्ही शोधतोय. दोन मिनिटं बोलू का?’ एवढं पुरतं. ‘नाही गं, घाईत आहे’ असं उत्तर आलं तर ‘बरं ताई, धन्यवाद’ म्हणायचं आणि तिथेच थांबायचं. मागे चार पावलंसुद्धा जायचं नाही. मागे मागे चालत ‘ताई, ऐका तरी’ म्हणणाऱ्या मुलाकडे आजूबाजूचे दहा जण बघत असतात, आणि ते दहाही आता रस्ता बदलतात.

हाक मारतानाही विचार करा. चाळिशीच्या बाईंना ‘काकू’ किंवा ‘आंटी’ म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. ताई किंवा मॅडम म्हणा. साठीपुढच्या माणसाला काका म्हटलं तर आवडतं, ऑफिसच्या वेशातल्याला सर बरं वाटतं.

जागा आणि उभं राहणं

ठाण्याला किंवा दादरला सकाळी लोकल पकडायला धावणारा माणूस कुणासाठीच थांबणार नाही. त्याला अडवणं म्हणजे त्याची गाडी चुकवणं. पुण्यात एफसी रोडला संध्याकाळी रमतगमत चालणारा माणूस थांबतो. भिंतीला टेकून, तिघांनी घोळक्यात, हातात मोबाइल घेऊन उभं राहू नका. येणारा माणूस दहा-बारा पावलांवर असतानाच नजर मिळवा, हसा, हात वर करा. तो जवळ येईपर्यंत वाट पाहिली तर तो पुढे गेलेला असतो.

मॉल, पेट्रोल पंप, सोसायटी, स्टेशनचं आवार अशा कुठल्याही ठिकाणी परवानगीच्या पत्राची प्रत जवळ हवी, आणि गळ्यातलं ओळखपत्र बाहेरून दिसायला हवं. गणेश मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते हे आपल्याकडे लोकांना ठाऊक असतं, त्यामुळे ते तुमचीही चौकशी करतात. करूच दे. संस्थेचा नोंदणी क्रमांक तोंडपाठ ठेवा.

ओटीपी विचारू नका, फोन हातात घेऊ नका

याबाबतीत जराही सूट नाही. ‘द्या काका, मी करून देतो’ म्हणत आजोबांचा फोन हातात घेणं, ओटीपी मोठ्यानं वाचायला सांगणं, पिन टाकताना स्क्रीनकडे बघणं, यातली कुठलीही गोष्ट हेतू कितीही स्वच्छ असला तरी करायची नाही. बँका आणि पोलीस लोकांना कानीकपाळी ओरडून सांगतात की ओटीपी कुणाला देऊ नका. त्यांनी लावलेली सवय तुम्ही रस्त्यावर मोडायला लागलात, तर उद्या त्याच आजोबांना लुटणाऱ्याचं काम सोपं होतं. पिन टाकताना तोंड दुसरीकडे फिरवा, आणि ते समोरच्याला दिसेल असं फिरवा. ज्यांना फोनवरचं जमत नाही त्यांना माहितीपत्रक द्या आणि घरच्यांशी बोलून संस्थेला फोन करायला सांगा.

प्यायलेला, गोंधळलेला, नुकताच कुणाच्या तरी आजारपणातून आलेला, खिशात फक्त पॉकेटमनी असलेला कॉलेजचा मुलगा, यांच्याकडून सही घेऊ नका. संस्थेनं किमान वय ठरवलेलं असेल तर तेही पाळा.

मँडेट परत का येतं?

टीम लीडर ‘तुझे फॉर्म बाउन्स होतायत’ म्हणाला की नवा माणूस गांगरतो. कारणं बहुतेक वेळा साधी असतात. फॉर्मवरचं नाव बँकेतल्या नावाशी जुळत नाही. वडिलांचं नाव इथे आहे, तिथे नाही. कागदी मँडेटवर घाईत केलेली सही बँकेतल्या सहीसारखी नाही. मोबाइल नंबर खात्याला जोडलेलाच नाही. बँकांच्या विलीनीकरणाआधीच्या जुन्या चेकबुकवरून आयएफएससी कोड उतरवलाय. लोकांनी जुनी चेकबुकं जपून ठेवलेली असतात, त्यामुळे हे होतं. पासबुक किंवा बँकेचं ॲप उघडायला सांगा आणि अक्षर न् अक्षर ताडून घ्या.

यातली एक गोष्ट मात्र फार कमी जण सांगतात. ठरलेल्या तारखेला खात्यात पैसे नसतील तर मँडेट परत जातं आणि बँक दंड देणगीदाराकडूनच घेते. पगार ७ तारखेला होत असताना तुम्ही हप्ता ३ तारखेचा ठेवलात, तर ५०० रुपये देऊ पाहणाऱ्या माणसाला तुम्ही भुर्दंड लावलात. म्हणून ‘पगार साधारण कधी होतो?’ हा प्रश्न फॉर्म भरण्याआधी विचारा आणि तारीख त्यानंतरची घ्या.

हप्ता बंद कसा करायचा, हेही स्वतःहून सांगा. यूपीआय ऑटोपे असेल तर पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते आणि ॲपमधूनच ते थांबवता येतं. नव्या मुलांना हे सांगायची भीती वाटते. प्रत्यक्षात दार उघडं आहे हे कळल्यावरच माणूस निर्धास्तपणे आत येतो.

टॅक्सच्या थापा

‘सर, सगळे पैसे टॅक्समधून परत मिळतात’ हे वाक्य कायमचं विसरा. ८०जी नावानं ओळखली जाणारी सवलत जुनी कररचना निवडणाऱ्यालाच मिळते, नव्या रचनेत ती नाही. समजा, कुणी वर्षाला ६,००० रुपये दिले आणि संस्थेला ५० टक्क्यांची सवलत लागू आहे, तर करपात्र उत्पन्नातून ३,००० वजा होतात. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे त्यातून साधारण ६०० रुपये वाचतात. एवढंच सांगा. पॅन नंबर लागतो आणि प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर मिळतं, हेही सांगा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ही सवलत नाही. तुम्ही मात्र रस्त्यावर रोख रक्कम घेऊच नका, ५० रुपयेसुद्धा.

कोरेगाव पार्क, कुलाबा अशा ठिकाणी आणखी एक अडचण येते. मराठी बोलणारा माणूस आनंदानं तयार होतो आणि नंतर कळतं की पासपोर्ट अमेरिकेचा आहे. ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याप्रमाणे तो परकीय स्रोत ठरतो, आणि ती देणगी एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातच घेता येते. भारतीय पासपोर्टवर परदेशी राहणाऱ्याला हा नियम नाही. शंका आली की फॉर्म थांबवा आणि ऑफिसला विचारा.

दया विकू नका, रकमेला लाजू नका

रडणाऱ्या, अर्धउघड्या मुलाचा फोटो समोरच्याच्या तोंडासमोर नाचवू नका. त्या मुलालाही मान आहे. संस्थेनं काय केलं, पुढे काय करायचंय, हे सांगता आलं पाहिजे, आणि त्यासाठी एखादं केंद्र स्वतः बघून या. ‘एक पिझ्झा कमी खा’ असले टोमणेही नकोत.

उलट, छोटी रक्कम सांगताना पुष्कळ जण उगाच संकोचतात. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. ३०० रुपयेच जमतील म्हणणाऱ्याला हजारावर ओढत नेऊ नका. तीनशेच लिहा. तो टिकतो.

स्वतःसाठी

‘तुम्हाला पगार मिळतो का?’ असं कुणी विचारलं तर ‘हो’ म्हणा. फुकट काम करतो असं भासवणं ही फसवणूक आहे, आणि पगार घेण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एजन्सीकडून आला असाल तर तेही सांगा.

रुजू होण्याआधी नेमणूक पत्र मागा. ठरलेला पगार किती आणि इन्सेंटिव्ह किती, देणगीदारानं हप्ता बंद केला तर तुमचे पैसे कापतात का, ट्रेनिंगचे दिवस धरतात का, हे लेखी घ्या. नोकरीसाठी अनामत मागणाऱ्याकडे जाऊच नका. मुलींनी पहिल्याच दिवशी टीम लीडरला विचारावं की या जागेजवळ स्वच्छतागृह कुठे आहे. ते नसेल तर जागा बदलून मागावी. पाणी न पिता आठ तास उन्हात काढू नयेत. बूट जुने, पायाला बसलेले घाला. पावसाळ्यात टॅबला प्लॅस्टिकचं कव्हर आणि फॉर्मसाठी झिपची पिशवी आठवणीनं सोबत ठेवा, कारण भिजून शाई पसरलेला कागदी मँडेट बँक परत पाठवू शकते आणि त्या माणसाला सहीसाठी पुन्हा गाठावं लागतं.